शाळेच्या मंजनात मशेरी

१

सोमवारी प्रार्थना अर्ध्यावर आली असताना पाचवीतली वेणू मटकन खाली बसली. मला वाटलं, पोटात काही नसेल. सुकापूरहून शेतं तुडवत येणाऱ्या पोरी पुष्कळदा कोऱ्या चहावर निघतात. मी तिला उठवायला गेले, तर ती थेट माझ्या लुगड्यावर ओकली. मी कपाळाला आठ्या घालते न घालते तोच मागच्या रांगेतला एक मुलगा ओकला, मग त्याच्या शेजारचा, आणि मग प्रार्थना कुठली नि काय. थंडीच्या दिवसांत पोरांच्या कपाळावर घाम आला होता.

डॉक्टर आले. त्यांनी वेणूचं तोंड उघडून वास घेतला, मग नळापाशी ठेवलेला मंजनाचा डबा मागवला. चिमूटभर मंजन तळहातावर चोळून त्यांनी नाकाशी नेलं.

"यात तंबाखू आहे," ते म्हणाले. "पोरांच्या जिवाला धोका नाही. पण हा डबा आता कुणालाही देऊ नका."

ते ऐकून आमच्या जगन घरत मास्तरांचा चेहरा त्या पोरांहून पांढरा पडला. डबा त्यांचा होता.

आमच्या पनवेलकडे सकाळ मशेरीने उजाडते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. लावली की डोकं हलकं होतं, आणि एकदा सवय लागली की ती लावल्याशिवाय बाईला चूल पेटवणं सुचत नाही. आई आपल्याबरोबर पोरांच्याही दातांवर बोट फिरवते, त्यात काही वाईट आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. घरत मास्तर जासईच्या आगरी घरातले. त्यांची थोरली बहीण तोंडाच्या कॅन्सरने गेली. आमच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागल्यावर या माणसाने एकच ध्यास घेतला, की निदान या शाळेतली पोरं तरी मशेरी सोडतील. भाषणं नाहीत, छड्या नाहीत. भाताची तुसं जाळून त्यांच्या काळ्या राखेत मीठ घालून मंजन करायचं आणि रोज सकाळी नळावर प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर ठेवायचं, एवढंच. वर्षभरात निम्म्या शाळेचे दात स्वच्छ झाले होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि मी कुणाचं उगाच कौतुक करत नाही हे अख्खं पनवेल जाणतं.

दुपारपर्यंत फाटकावर गर्दी जमली. समोरच्या तंबाखूच्या दुकानातले बळीराम शेठ सगळ्यांत पुढे होते. तंबाखू सोडा म्हणणारा मास्तरच पोरांना तंबाखू चारतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते. संस्थेचे अध्यक्ष आले आणि हेडमास्तरांच्या खोलीत त्यांनी निकाल देऊन टाकला. रविवारी सभा. तोवर खरा प्रकार उघडकीला आला नाही तर मंजन बंद आणि घरत मास्तरही बंद.

मास्तर माझ्या वर्गात येऊन बाकावर बसले. मी निघून जातो, बाई, म्हणाले, पोरं माझ्यामुळे आजारी पडली. मला असा राग आला. मी त्यांना म्हटलं, जाल तेव्हा जा, पण ती तंबाखू डब्यात कशी गेली हे कळल्याखेरीज मी कुणाला जाऊ देणार नाही.

मी कमळाबाई कर्णिक, गणित शिकवते. परीक्षेत पोरांच्या नकला पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. म्हणून हेडमास्तरांनी हे लचांड माझ्या गळ्यात घातलं आणि मी ते घालून घेतलं.

२

शाळेत ज्याच्यावर पहिला संशय जावा असा माणूस म्हणजे संस्कृतचे जोगळेकर शास्त्री. नाकात तपकीर कोंबल्याशिवाय त्यांच्या तोंडून विभक्ती निघत नाही. मागच्याच महिन्यात एका मुलाने भर वर्गात त्यांना विचारलं होतं, की गुरुजी, तपकीर म्हणजे पण तंबाखूच ना. शास्त्रीबुवांनी तेव्हापासून घरत मास्तरांशी बोलणं टाकलं होतं.

मी त्यांना सरळ विचारलं. ते भडकले, शिंकले, पुन्हा भडकले. मग जरा शांत होऊन म्हणाले, की घरत मला आवडत नाही हे खरं, पण लेकरांच्या तोंडात विष घालायला मी काय राक्षस आहे? आणि त्यांचे डोळे भरून आले. नाटक नव्हतं ते. तरी मी मनात त्यांचं नाव खोडलं नाही.

बळीराम शेठ मात्र हसतमुखाने भेटले. मला बसायला स्टूल दिलं, वेलदोड्याचा चहा मागवला. पूर्वी सकाळी शाळेत येणारी पोरं आईच्या मशेरीसाठी पानतंबाखू घेऊन ठेवायची आणि घरी जाताना न्यायची, आता ती दुकानाकडे ढुंकून बघत नाहीत, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. मास्तर गेला तर मी पेढे वाटीन, हेही सांगितलं. इतकं मोकळं बोलणारा माणूस एक तर निर्दोष असतो नाहीतर फार पोचलेला. शेठ त्यांतले कोणते, ते मला त्या चहात काही दिसलं नाही.

तिसरा माणूस आमचा शिपाई भगवान. डबा त्याच्या ताब्यात. सुकापूरची भामा मंजन तयार करते, दर शनिवारी भगवान सायकलवरून जाऊन ते घेऊन येतो, शाळेतल्या डब्यात ओततो, आणि रोज सकाळी पोरांच्या हातांवर तोच ठेवतो. त्याच्या गालात चोवीस तास तंबाखूचा विडा. मी गेले तेव्हा पाण्याच्या खोलीत तो मोराचं चित्र असलेल्या पत्र्याच्या डबीतून बोटाने चुना काढत होता. मला पाहून त्याच्या हातातून डबी पडता पडता राहिली.

काहीच माहीत नाही, म्हणाला. भामाकडचं मंजन शनिवारी आणलं, ओतलं, कुलूप लावलं. हे सांगताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही. मग एकदम म्हणाला, "बाई, माझी नोकरी जाईल का?"

अजून मी त्याच्यावर कसलाही आळ घेतला नव्हता.

३

मंगळवारी मी तो डबा माझ्या टेबलावर आणवला, वर्तमानपत्र पसरलं आणि मंजन थोडं थोडं काढून पाहिलं. जे दिसलं त्याने मी चक्रावले.

मंजन काळं होतं आणि सगळंच काळं होतं. तपकीर असती तर तपकिरी दिसली असती, आणि पोरं ओकायच्या आधी शिंकली असती. दुकानातली पानतंबाखू चुरून घातली असती तर तिचे तुकडे, शिरा सापडल्या असत्या. यातलं काहीच नाही. म्हणजे घातली होती ती भाजलेली तंबाखू. मशेरी. आणि मशेरी बळीराम शेठ विकत नाहीत, कारण आपल्याकडची बाई दुकानातल्या मशेरीवर भरवसा ठेवत नाही. ती घरी भाजतात, नाहीतर आळीतल्या एखाद्या हुशार म्हातारीकडून भाजून घेतात. शास्त्रीबुवा सुटले, शेठही सुटले.

दुसरं म्हणजे मशेरी फक्त वर होती. खाली निव्वळ तुसाची राख आणि मीठ. ज्याला दावा साधायचा असतो तो ढवळतो, लपवतो. ही नुसती वर ओतलेली होती. मला त्यात वाईट हेतू दिसेना, आणि हेतू नसेल तर मग काय, तेही कळेना.

तिसरी गोष्ट पोरांनी सांगितली. सोमवारी ज्यांच्या हातावर मंजन पडलं त्या सगळ्यांना वरची मशेरी मिळाली होती, पण ओकली त्यांतली काहीच. वास ओळखीचा म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. जी पोरं अजून घरी चोरून मशेरी लावतात त्यांना काहीच झालं नाही. ज्यांना सवय नव्हती किंवा सुटली होती तीच आडवी झाली.

सगळ्यांत जास्त त्रास वेणूला झाला होता. ती अजून घरीच होती. आणि वेणू ही जनीची नात. सुकापूरच्या अख्ख्या आळीची मशेरी जी म्हातारी भाजते, ती जनी. त्या घरातल्या पोरीची सवय इतकी कशी सुटली, हे मला घरी जाऊनच विचारायचं होतं.

४

सुकापूरला भामा मला ओट्यावरच भेटली. तिच्याबद्दल मी मनात पुष्कळ काही घेऊन गेले होते, पण त्या शनिवारी ती गावात नव्हतीच. भावाच्या हळदीला शिरढोणला गेली होती. मंजनाचा पत्र्याचा डबा भरून, त्यावर पळसाचं पान झाकून तो ओट्यावर ठेवला होता, भगवान येऊन घेऊन गेला. मशेरी तिने वर्षापूर्वीच सोडली होती. शाळेचं मंजन भाजायचं आणि आपण मशेरी लावायची, हे बरं दिसत नाही, असं ती म्हणाली. मला ते फार आवडलं.

मी निघताना ती सहज कुरकुरली, की आपली एक मोराच्या चित्राची डबी शेजारच्या रंभाने मंजनासाठी नेली ती अजून दिली नाही. आळीतल्या चार-पाच जणी असंच गुपचूप तिच्याकडून मंजन नेतात. मी तिथेच थांबले. शाळेचं मंजन बायका नेतात? भामा म्हणाली, "नेतात तर. पन सासवांना कलता कामा नये."

रंभा म्हणजे वेणूची आई, जनीची सून. मी त्यांच्या घरी गेले. वेणू अंथरुणावर बसून पेज पीत होती. म्हातारी जनी तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होती, आणि माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. शाळेवरचा राग तिच्या पाठीतून दिसत होता. रंभा मला मागल्या दारी घेऊन गेली. डबी? ती तर शनिवारीच भामाच्या ओट्यावर ठेवली, मंजनाच्या डब्याशेजारी. इतकं बोलून तिने पदर तोंडात धरला आणि आणखी काही विचारलं तर रडेन अशा चेहऱ्याने उभी राहिली. मी विचारलं नाही.

भामा म्हणते डबी आली नाही. रंभा म्हणते दिली. दोघींपैकी कुणी खोटं बोलत असेल असं मला वाटेना.

संध्याकाळी घरी आले. शेजारच्या काकूंनी परवा वाटीतून डाळिंब्यांची उसळ दिली होती, ती वाटी परत करायची होती. वाटी घासून पुसून घेतली आणि सवयीप्रमाणे माझा हात गुळाच्या डब्याकडे गेला. रिकामी वाटी परत द्यायची नसते. मी गुळाचा खडा हातात घेऊन तशीच ओट्यापाशी उभी राहिले. रंभानेही डबी रिकामी दिली नसणार.

आणि मग मला आठवलं, मोराचं चित्र असलेली डबी मी कुठे पाहिली ते.

५

भगवानला मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाण्याच्या खोलीत गाठलं. डबी दे, म्हटलं, चुन्याची. त्याने कमरेची काढून दिली. मी रुमालाने आतला चुना खरवडला. पत्र्याच्या कोपऱ्यांत काळं होतं, आणि त्याला मशेरीचा वास होता.

मग सगळं बाहेर आलं. ओट्यावर मोठा डबा होता, शेजारी ही डबी, दोन्हींवर पळसाचं पान. त्याला वाटलं भामाने उरलेलं मंजन डबीत भरून ठेवलंय. त्याने आधी मोठा डबा ओतला, मग वरून डबी. वास? बाई, माझ्या तोंडात सदाचीच तंबाखू, मला कुठला वास येणार, म्हणाला. डबी छान दिसली म्हणून चुन्याला ठेवली. सोमवारी पोरं पडायला लागली तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तेव्हापासून त्याला झोप नाही. पण बोलायची छाती होईना. घरी पाच तोंडं खाणारी.

मला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आला, जास्त कीवच आली.

मी पुन्हा सुकापूरला गेले आणि रंभाला शेतावर गाठलं. तिने नाकारलं नाही. तिने मशेरी सोडली होती. घरत मास्तरांनी वेणूला सांगितलं, वेणूने आईला, आणि आईने लेकीच्या दातांवर बोट फिरवणं बंद केलं, मग स्वतःचंही. सासू दर आठवड्याला तिच्या वाट्याची मशेरी द्यायची, ही ती डब्यात साठवत गेली. टाकवेना, कारण सासूच्या हातची. भामाने मंजन दिलेली डबी परत करायची तर रिकामी कशी करायची, आणि घरात ती मशेरी तर नको होती. भामाने मशेरी सोडलीये हे रंभाला ठाऊक नव्हतं. भामाही हे आळीत कुणाला कळू देत नव्हती ना. म्हणून रंभाने आपली साठवलेली मशेरी डबीत गच्च भरली आणि ओट्यावर ठेवली. आपल्याच लेकीच्या पोटात ती जाईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"सभेत सांगशील?" मी विचारलं.

"नाय बाई. सासूला कललं का मी तिच्या हातची मशेरी सोडली, तर ती माज्या हातचं जेवायची नाय. तुमी पन नाव सांगू नका."

मी तिला शब्द दिला. परतताना माझं मन आतून जळत होतं, कारण नाव न घेता ही हकिगत सांगितली तर तिच्यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नव्हतं.

६

सभेला सगळं पनवेल लोटलं होतं. बळीराम शेठ पहिल्या रांगेत. घरत मास्तर भिंतीशी, एका खुर्चीवर, अगदी अंग चोरून बसलेले. त्यांनी आपलं सामान बांधून ठेवलंय असं मला हेडमास्तरांकडून कळलं होतं.

मी उभी राहिले आणि जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं. तपकीर नव्हे, पानतंबाखू नव्हे, मशेरी. कुणी दुष्टाव्याने घातली नाही. एका बाईने दुसरीची डबी भरून परत केली, तिसऱ्याने ती मंजन समजून ओतली. चूक झाली, गुन्हा नव्हे.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, गोष्ट चांगली आहे. नावं?"

शेठ खोकले आणि शेजाऱ्याकडे पाहून हसले. मग मागून भगवान उठला. ओतली मी, म्हणाला, साहेब, काढायचं तर मला काढा, मास्तरांना नको. त्या क्षणी मला तो फार मोठा माणूस वाटला.

"पण डबीत मशेरी कुणी भरली?" अध्यक्षांनी विचारलं. घरत मास्तर हळूच उठून उभे राहिले, हात जोडले. ते नोकरी सोडतो म्हणणार, हे मला कळलं.

"मी भरली," दारातून आवाज आला.

रंभा उभी होती, पदर डोक्यावर, वेणूचा हात धरून. आणि तिच्या मागे जनी. रंभाने मान खाली घालून सगळं सांगितलं, मशेरी सोडल्याचंही. सांगून झाल्यावर ती सासूकडे वळून पाहायलाही धजेना.

जनी पुढे आली. भरल्या सभेत बोलायचं की नाही असा प्रश्नच तिला पडलेला दिसला नाही.

"भरली हिनं. भाजली मी. आमच्या आलीला माज्याच हातची लागते," ती म्हणाली. "ही पोर दोन दिस पानी पन पोटान ठेवत नव्हती. आनि मी तिच्या उशाशी बसून तीच मशेरी दातांना लावत होते. काल रातच्याला सून माज्या पायाशी रडली तवा मला सगलं कललं." तिने वेणूच्या डोक्यावर हात ठेवला. "मास्तराला काय बोलू नका. माज्या घरान जे मी करायला पायजे व्हतं ते त्यानं केलं."

रंभा तोंडावर पदर घेऊन हमसून हमसून रडायला लागली. जनीने तिला जवळ ओढलं, जरा रागानेच, आणि सोडलं नाही. मीही रडले. लाज कसली, अख्ख्या सभेत निम्म्या बायका रडत होत्या. शेठ चष्मा पुसत बसले.

अध्यक्षांनी फार वेळ घेतला नाही. मंजन चालू राहील, मास्तर राहतील, भगवानने मात्र पोरांसमोर उभं राहून माफी मागायची. टाळ्या झाल्या. त्या थांबल्या तरी जनी काही जागची हलेना.

"मास्तर," ती म्हणाली, "ही भामा तुसं करपवते. मंजन कडू व्हतं म्हनून पोरं थुकून टाकतात. वेणू सांगते. भाजायचं काम माज्याकडे दे. आलीतल्या बाया माज्या हातचं लावतील, तुज्या हातचं नाय लावायच्या."

घरत मास्तर आठवडाभरात पहिल्यांदा हसले.

"कधीपासून, आजी?"

"तुसं आज दिलीस तर उद्यापासून."

सभा अजून सुटली नव्हती. मास्तरांनी अध्यक्षांची परवानगीही घेतली नाही. ते तसेच उठले आणि मागच्या खोलीतून तुसांचं पोतं आणायला गेले.